घराआधी घेतलेलं दार

दार चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण यापुढं मी त्या माणसाबद्दल जे बोलणार आहे त्यात चांगलं फार थोडं आहे, आणि नंतर कोणी म्हणायला नको की गेलेल्या माणसाबद्दल मी एकही बरा शब्द काढला नाही. अस्सल सागवान, दोन पल्ल्यांचं, जाडजूड चौकटीचं. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, आणि वजन असं की चौघांशिवाय जागचं हलायचं नाही. आमच्या सरांनी जंगल खात्याच्या डेपोतल्या लिलावात लाकूड घेऊन आलापल्लीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडून ते करवून घेतलं होतं. दारात काहीच खोट नव्हती. फक्त त्याला घर नव्हतं.

घर बांधायचं होतं. त्याला प्लॉट लागतो, तो घ्यायचा होता. पण दार तयार होतं!

मुलचेऱ्याजवळच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावात आमची दोन शिक्षकांची शाळा. मी नवा लागलेलो, सर सीनियर. मुलचेऱ्यात एका रांगेत चार भाड्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक त्यांची आणि शेजारची मला मिळाली. सरांच्या बाई मुलगी लहान असतानाच वारल्या होत्या. मुलगी दहावीला होती. पहिल्याच दिवशी सरांनी चहाला बोलावलं, मी आत पाऊल टाकलं आणि भिंतीला टेकवलेल्या, चादरीत गुंडाळलेल्या त्या चौकटीवर माझा गुडघा असा आपटला की डोळ्यांत पाणी आलं.

"गुडघा सांभाळा भाऊ," सर म्हणाले. "आज असं दार करतो म्हटलं त तुमचा सहा महिन्याचा पगार जाईन."

मी गुडघा चोळत विचारलं, "हे लावणार कुठं सर?"

"घराले."

"घर कुठी आहे?"

"येते," सर म्हणाले, आणि मला विचारलं, "चहात साखर किती घेता? साखर चढून राह्यली म्हणून विचारलं."

सरांचा हिशेब असा, की जगात वस्तू दोनच प्रकारच्या. एक, ज्यांचा भाव खरोखर चढतो. त्या आजच घ्यायच्या. दुसऱ्या, ज्यांचा भाव लोकांनी उगाच चढवून ठेवलेला असतो, त्यांच्यासाठी थांबायचं. लाकूड, लोखंड, नळ, संडासाचं भांडं हे पहिल्यात. जमीन दुसऱ्यात.

"खिडकीतून पाहा भाऊ. काय दिसते?"

"जंगल."

"त्याच्या मांगं?"

"जंगलच."

"मंग? इथी जमिनीचा तुटवडा आहे का? अन् माणूस कुठी आहे घ्यायले? हा भाव म्हणजे निरा फुगा आहे. थांबा जरा, उतरते."

आणि चीड याची येते, की ऐकायला ते इतकं बरोबर वाटायचं! खिडकीत खरंच जंगल होतं. मला कळायला बरीच वर्षं गेली की दिसणारी जमीन वेगळी आणि विकत मिळणारी वेगळी. जंगल विकत मिळत नाही. आदिवासींची जमीन आपल्याला घेता येत नाही, आणि घेऊही नये. धानाच्या बांधीत उठून घर बांधता येत नाही. मग राहिलं काय? गडचिरोलीभोवतीचे चार लेआउट, आणि त्यांच्यावर तुटून पडलेले सगळ्या जिल्ह्याचे मास्तर, तलाठी, नर्सबाया आणि पोलीस. एवढ्या लांबरुंद जिल्ह्यात घर बांधण्यालायक जमीन चादरीएवढी. जंगल पाहून जमीन स्वस्त होईल म्हणणारा माणूस आमच्याकडेच सापडायचा, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता.

भाव विचारणं हा त्यांचा रोग होता. बाजाराच्या दिवशी रिकामी थैली घेऊन निघायचे, सगळा बाजार पालथा घालायचे आणि रिकामी थैली घेऊन परत यायचे. डोक्यात मात्र वांग्यापासून लाल मिरचीपर्यंत सगळे भाव. आमच्याकडं चहाला आले की पहिला घोट घ्यायच्या आधी विचारायचे, "पत्ती कितीले आणली बाई?" बायको सांगायची. "फसल्या," सर म्हणायचे. रोजचं हे. एकदा तर शेजारच्या शाळेतल्या एका मास्तरांचे वडील गेले, आम्ही सगळे अंगणात मान खाली घालून उभे, आणि सरांनी पुढं होऊन प्रेतावरच्या पांढऱ्या कापडाला हात लावून पाहिला. "कितीचं पडलं?" मी त्यांना असा चिमटा काढला की बास. बाहेर आल्यावर मलाच म्हणाले, "विचारलं त काय झालं? उद्या आपल्यालेही लागन."

वर्गात तेच. पोरांना त्रैराशिक शिकवायचं तर सिमेंटच्या पोत्यांवर. महागाई भत्ता वाढल्याचं पत्र आलं की सगळ्या तालुक्यात आनंद, आणि हे तोंड पाडून बसणार. "भत्ता मांगून येते, भाव पुढी निघून जाते," म्हणायचे. त्यात चूक काहीच नव्हती. त्यांचं अर्धं नेहमी बरोबर असायचं, म्हणून तर माणूस फसायचा.

मी फसलो तो असा. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायकोने पै पै करून साठवलेलं होतं, वर तिच्या माहेरचं थोडं सोनं होतं. गडचिरोलीला चामोर्शी रोडवर एका लेआउटमध्ये कोपऱ्याचा प्लॉट निघाला. रविवारी टोकन द्यायचं ठरलं. बायको आदल्या दिवशीपासून कागदावर घर काढून बसलेली: इथं स्वयंपाकघर, इथं पेरूचं झाड. शनिवारी शाळेतून येताना मी, अकलेचा कांदा, सरांना सांगून बसलो.

सरांनी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला उभं राहून अर्धा तास समजावलं. लेआउटवाल्याचे किती प्लॉट पडून आहेत, दिवाळीत त्याला पैसा कसा लागणार आहे, तो कसा खाली येणार आहे. "चार महिने फक्त. भाऊ, मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो. थांबा जरा, उतरते."

मी थांबलो. बायको म्हणाली, "अवो, घरात राहायचं आपल्याले आहे का तुमच्या सरांले?" मी तिला वरून ऐकवलं की तुला यातलं कळत नाही. हे वाक्य तिने आजतागायत जपून ठेवलं आहे. दिवाळी आली. त्याच सुमारास एटापल्लीकडच्या डोंगरातून लोखंडाच्या दगडाचे ट्रक धावायला लागले, बाहेरून माणसं आली, पैसा आला, आणि प्लॉटचा भाव दुप्पट झाला. कोपऱ्याचा प्लॉट कोणा ठेकेदाराने न पाहताच घेतला.

मी तावातावाने सरांकडं गेलो. सर शांत. "हे टिकत नाई भाऊ. फुगा जेवढा मोठा तेवढा लवकर फुटते." त्या दिवसापासून बायको त्यांना बिनसाखरेचा चहा देऊ लागली. त्यांनी एकदा कपात पाहून विचारलं, तर म्हणाली, "साखर चढली ना सर. उतरली की टाकते." सरांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं!

याच काळात त्यांनी चंद्रपूरहून संडासाचं भांडं आणलं. दुकान बंद होत होतं, स्वस्तात मिळालं. एसटीच्या टपावर टाकून आणलं आणि त्यांच्या खोलीत दारामुळं जागा नव्हती म्हणून "महिनाभर" आमच्या ओसरीवर ठेवलं. ते सात वर्षं राहिलं. बायकोने शेवटी त्यात माती भरून झेंडू लावला. सर येऊन झेंडूकडं न पाहता भांड्याकडं पाहायचे. "बाई, याचा भाव आज डबल झाला."

"मंग विका ना सर, अन् जागा करा माझी!"

"विकू काऊन? घराले लागन."

मग सरांची एटापल्लीला बदली झाली. सामान किती? दोन पेट्या, एक पलंग, भांडीकुंडी. आणि दार. मी टेम्पोत सोबत गेलो, ही माझीच चूक. वाटेत जंगल खात्याच्या नाक्यावर टेम्पो अडवला. सागवान म्हटलं की परवाना विचारणार, त्यांचं कामच ते. सरांनी खिशातून लिलावाची पावती काढली. लॅमिनेशन केलेली! मागं मिस्त्रीचाचांची सही. ती दाखवून मोकळं व्हावं की नाही? नाही. त्या वनरक्षकाला सर उन्हात उभं करून सांगू लागले की त्या साली सागाचा भाव काय होता, आज काय आहे, मजुरी किती होती. मी टेम्पोत घामानं भिजून बसलो होतो. वनरक्षक बिचारा पोरसवदा, ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ते सगळं बरोबर आहे सर. घर कुठी आहे तुमचं?"

"व्हायचं आहे."

"मंग दार कुठी घेऊन चालले?"

सरांना एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नसावा. पावती परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "संगं."

एटापल्लीला त्यांनी जे केलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. दीड वर्षाने भेटायला गेलो, तर पत्र्याच्या छपराच्या त्या भाड्याच्या घराला समोर सरांचं सागवानी दार! घरमालकाचं टिनाचं दार खालून सडलं होतं, कुत्री आत येत होती. मालक नवं लावायला टाळाटाळ करत होता. म्हणून सरांनी आपलंच चौकटीसकट बसवून घेतलं, स्वतःच्या खर्चाने, सिमेंट भरून. टिनाचं जुनं दार पलंगाखाली जपून ठेवलं.

"कसं दिसते?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर फार छान दिसत होतं. मी तसं म्हणालोही. मग कळलं की दुसऱ्याच महिन्यात मालकाने भाडं वाढवलं. का, तर असं दार असलेलं घर सगळ्या गल्लीत नाही.

"अन् तुम्ही दिलं?"

"त्याचं बरोबर आहे ना भाऊ. घराची किंमत वाढली."

"दार तुमचं आहे सर!"

"दार माझं आहे. पण वाढली त त्याच्या घराची."

आता अशा माणसाशी काय बोलायचं? स्वतःच्या दाराचं भाडं तो स्वतः भरत होता, आणि मला त्यातला नियम समजावून सांगत होता. मी न जेवता परत आलो.

इकडं आम्ही शेवटी प्लॉट घेतला. कोपऱ्याचा नाही, चामोर्शी रोडचाही नाही. गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडं, अर्धा प्लॉट, आणि तोही पहिल्या पूर्ण प्लॉटच्या दुप्पट पैशात. कर्ज असं की रिटायर होईपर्यंत हप्ता. पेरूच्या झाडाला जागा उरली नाही. स्लॅब पडला, प्लास्टर झालं आणि पैसा संपला. पुढच्या दाराच्या जागी आम्ही ताडपत्री बांधून राहायला गेलो.

त्याच महिन्यात सरांचा फोन आला. मालकाने घर खाली करायला सांगितलं होतं. खाणीवरच्या कोणा इंजिनियरने तिप्पट भाडं कबूल केलं होतं. "त्याचा राग नाई मले. तिप्पट कोण सोडते?" पुढं म्हणाले, "दार राह्यलं इथीच. चौकट सिमेंटात गेली, आता ती घराची झाली म्हणते तो."

"अन् तुम्ही ऐकून घेतलं?"

"त्याचंही बरोबर..."

मी फोनवर ओरडलो. काय बोललो आठवत नाही. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, "सर, टिनाचं दार आहे का अजून? पलंगाखाली? पाहून सांगा. अन् ती पावती हातात घेऊन बसा, मी येऊन राह्यली," एवढं बोलून ठेवून दिला. मग मला म्हणाली, "त्यांच्यापायी प्लॉट गेला. दार त जाऊ देणार नाई."

दुसऱ्या दिवशी आलापल्लीहून मिस्त्रीचाचांच्या मुलाला पहारीसकट गाडीत बसवून ती एटापल्लीला पोचली. मी मागं. मालक अंगणात उभा, पाच-सहा शेजारी जमलेले. बायकोने लॅमिनेशनची पावती त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "हे लाकूड कोणाच्या नावानं आहे वाचा भाऊ. उद्या नाक्यावरचे लोक आले अन् तुम्हाले विचारलं, सागवान कुठून आणलं, त काय सांगान?" मालकाचा आवाज खाली आला. "अन् घर मोकळं राह्यन त्याचं काय बाई?" तिने पलंगाखालचं टिनाचं दार बाहेर काढायला लावलं. "तुमचं तुम्हाले." चार तासांत सागवान निघालं, टीन बसलं. सर बाजूला उभे राहून मालकाचीच समजूत काढत होते, की नुकसान त्याचंही होतच आहे. माझ्या मनात आलं, पहार घ्यावी आणि...

दार आमच्या घरी आलं. आमची जागा त्याला कमी पडली, गवंड्याने भिंत फोडून रुंद केली, त्याचाही खर्च आम्हीच. बायकोला वाटलं, सर म्हणतील, बाई, राहू द्या तुम्हालाच. सरांनी चौकटीवरून हात फिरवला. "लावा तुम्ही. पण प्लॉट झाला की नेईन."

"न्या," बायको म्हणाली. दातओठ खाऊन म्हणाली, पण म्हणाली.

म्हणजे आमच्या घराला आमचं दार नव्हतं. सर रिटायर झाले आणि आमच्याच मागच्या गल्लीत एका माडीवर खोली घेऊन राहिले. अकरा महिने झाले की करार संपायचा, भाडं वाढायचं, सर दुसरी खोली पाहायचे. दर रविवारी तेलाची बाटली घेऊन यायचे आणि बिजागऱ्यांना तेल घालायचे. एकच पल्ला, कारण दुसऱ्याच्या मागं आमचा दिवाण होता, तो नेहमी कडी लावून बंद. "दोन पल्ले शोभेसाठी नाई केले," ते दर वेळी सांगायचे. "मोठं सामान आत घ्यायचं असते."

रिटायरमेंटचा पैसा त्यांनी बँकेत ठेवला होता. पहिल्या वर्षी त्यात पूर्ण प्लॉट आला असता. तिसऱ्या वर्षी अर्धा. बायको एकदा अगदी हात जोडून म्हणाली, "सर, अर्धा घेऊन टाका. नाल्याकडं निघाला आहे, आमच्यासारखा. दोन खोल्या होतील." सरांनी बोटांवर हिशेब मांडला. मला वाटलं, आज हा माणूस हो म्हणतो.

"अर्ध्या प्लॉटाच्या घराले हे दार शोभन का बाई?"

"आमच्या घराले आहे ना!"

"तुमच्या घराले मोठंच होते," सर म्हणाले आणि आमच्याच घरात उभं राहून आमच्या घराकडं वाईट वाटल्यासारखं पाहिलं. "थांबा जरा. उतरते." बायको आत निघून गेली आणि भांडी आपटू लागली.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दुपारी डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. मुलगी नागपूरहून निघाली होती, पोचायला संध्याकाळ होणार होती. तोवर ठेवायचं कुठं? माडीच्या मालकीणबाई माझ्यापुढं रडल्या खऱ्या, पण म्हणाल्या, "वर नका आणू जी. मुलीचं लग्न आहे आठ दिवसावर." त्यांना तरी काय बोलणार?

बायको म्हणाली, "घरी आणा. त्यांचं दार आहे."

आणि दार पूर्ण उघडेना. एका पल्ल्यातून स्ट्रेचर येत नव्हतं. दिवाण ओढला, दुसऱ्या पल्ल्याची कडी इतक्या वर्षांत गच्च बसलेली. मी हातोडी घेतली, ठोकत राहिलो आणि मोठमोठ्यानं बोलत राहिलो, लोकांसमोर. एवढा भाव कळत होता तर घेतला का नाही प्लॉट? अर्धा का नाही घेतला? दिवाळीनंतर उतरणार होता ना? कोणी मला अडवलं नाही. कडी निघाली, दोन्ही पल्ले उघडले आणि चौघांनी सरांना आत आणलं. कुठंच घासलं नाही. मग मी तिथंच उंबऱ्याशी बसून रडलो.

कापड आणायला मीच गेलो होतो. दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे दिले. सर असते तर म्हणाले असते, फसले.

संध्याकाळी मुलगी आली. बुद्धवंदना झाली, सगळं झालं. माणसं पांगत असताना नाल्याकडचे प्लॉट विकणारा एक जण चौकटीवर बोटं वाजवून म्हणाला, "अस्सल आहे जी. कितीले देता?"

"आमचं नाई," बायको म्हणाली. "सरांचं आहे." आणि मुलीकडं वळली. "तू घेऊन जा माय. आमी दुसरं लावू."

मुलगी दाराला पाठ टेकून उंबऱ्यावर बसली होती. दहावीचा अभ्यास ती याच दाराला टेकून करायची. "कुठी नेऊ काकू? दोघं कमावतो, तरी नागपूरले एका खोलीत भाड्यानं राह्यतो. प्लॉट पाह्यतो, अन् परत येतो." मग म्हणाली, "तुमच्याकडंच राहू द्या."

"ठेवते," बायको म्हणाली. "पण तुझा प्लॉट झाला की नेजो."

मुलीने वर पाहिलं. सरांसारखेच डोळे. "उतरन का काकू भाव कधी?"

मी बायकोकडं पाहिलं. त्या एका शब्दापायी तिने आयुष्यभर माझा उद्धार केला होता. ती मुलीशेजारी उंबऱ्यावर बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "थांब जरा. उतरते."